मोडलेला बेत आणि आपली मुले

आपल्या समाजातील एखादा मुलगा मोठ्या परीक्षेत अनुत्तीर्ण होतो, एखाद्या मुलीचा वैद्यकीय प्रवेश हुकतो, किंवा हातातोंडाशी आलेली नोकरी निसटते, तेव्हा तो आघात त्या एका जीवावर होऊन थांबत नाही. ज्यांच्या घरी तीन पिढ्यांची विद्येची परंपरा आहे, त्यांच्या मुलास अपयश आले तर काका त्याला आपल्या पेढीवर बसवतो, मामा ओळखीने कोठे तरी चिकटवून देतो, आणि वर्षभरात ती गोष्ट विसरली जाते. आपल्याकडे तसे नाही. आपल्याकडे त्या एका मुलासाठी थोरल्या भावाने शाळा सोडलेली असते, बहिणीचे कॉलेज राहिलेले असते, आईची बोरमाळ सराफाच्या तिजोरीत गेलेली असते, आणि बाप वस्तीतील चार लोकांना सांगून बसलेला असतो की, "पोरगा साहेब होणार." असा बेत मोडतो तेव्हा सारे घर खचते. पोरगा लाजेने गावी येईनासा होतो, फोन उचलीनासा होतो. आणि बाप पौर्णिमेला विहारात येण्याचे टाळू लागतो.

अशा घराला आपण काय सांगतो? सांगतो ते एकच. चिकाटी सोडू नकोस. बाबासाहेबांनी अठरा अठरा तास अभ्यास केला, तूही कर. हे सांगणे खोटे नाही. तथापि ते अर्धे आहे, आणि अर्धे सांगणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी घेणे हा माझा रोजचा धंदा असल्यामुळे मला ते तसेच सोडून देववत नाही. बाबासाहेबांची चिकाटी आपण भिंतीवर लावली. परंतु ठरवलेला बेत मोडला असता त्या महापुरुषाने प्रत्यक्षात काय केले, याचा हिशेब आपण आपल्या मुलांपुढे फारसा मांडलेला नाही.

१९१३ ते १९२३ ही त्यांच्या आयुष्यातील दहा वर्षे कोणीही तारखांसह कागदावर मांडून पाहावीत. ठरल्याप्रमाणे घडलेली गोष्ट त्यात फार थोडी सापडेल. जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, आणि २ फेब्रुवारीस वडील रामजी सुभेदार निवर्तले. नोकरी तेथेच राहिली. पुढे श्रीमंत सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करीन, असा करार लिहून देऊन ते अमेरिकेस गेले. कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली एम. ए. झाले, १९१६ मध्ये लंडनला येऊन त्यांनी अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये व बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. येथवर बेत सरळ चालला होता. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतण्याची वेळ आली.

या ठिकाणी एका बारीक गोष्टीकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. लंडन सोडण्यापूर्वी बाबासाहेबांनी विद्यापीठाकडून एक परवानगी मिळवली: चार वर्षांच्या आत परत येऊन अपुरा अभ्यास पुरा करण्याची. हातात पैसा नाही, युरोपात महायुद्ध पेटलेले, परत येता येईल याची कसलीही शाश्वती नाही. आणि तरीही जाणारा मनुष्य दाराची कडी बाहेरून लागणार नाही एवढी व्यवस्था करून जातो. आमच्या धंद्यात याला मुदत राखून ठेवणे म्हणतात. दाव्यात ज्याने मुदत राखली त्याला पुढे उभे राहता येते. ज्याने रागाने किंवा निराशेने कागद फाडून टाकला त्याची बाजू कितीही न्याय्य असो, न्यायालयाचा नाइलाज होतो.

पुढचा भाग सर्वश्रुत आहे. सामानातील ग्रंथ ज्या बोटीने येत होते ती बोट युद्धात पाणबुडीने बुडवली. करार पाळण्यासाठी ते बडोद्यास गेले, तर त्या शहरात या विद्वान मनुष्यास राहण्यास खोली मिळेना. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले; अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला, आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्याचे त्यांना फर्मावण्यात आले. दोन स्नेह्यांकडे आसरा मागितला, दोघांनीही टाळले. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत सार्वजनिक बागेत बसून त्यांनी तो दिवस काढला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे, आणि आपल्या प्रत्येक घराला ते ठाऊक आहे. बडोद्याच्या त्या झाडाखाली आपण दर वेळी येऊन थांबतो, डोळे पुसतो आणि पुस्तक मिटतो. मला रस आहे तो त्यानंतरच्या अडीच-पावणेतीन वर्षांत.

मुंबईस परतल्यावर त्यांनी काय केले? शिकवण्या धरल्या. शेअर-बाजाराच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्लागार कोणत्या जातीचा आहे हे गिऱ्हाइकांना कळताच तो बंद पडला. बंद पडला म्हणून ते तेथे अडून बसले नाहीत. १९१८ साली हिंदुस्थानातील लहान शेततुकड्यांच्या प्रश्नावर त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथेही पाण्याच्या भांड्याला हात लावण्यावरून काही सहकाऱ्यांनी कुरकुर केली. १९१९ च्या आरंभी साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली, ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. म्हणजे ज्या काळाला आपण वाया गेलेला काळ म्हटले असते, त्या काळात पोटाचा धंदा, विद्या आणि समाजकार्य ही तिन्ही कामे चालू होती. आणि पगारातून एक एक रुपया बाजूला पडत होता. तो रुपया कोठून येत होता, हेही सांगितले पाहिजे. तो परळच्या चाळीतील दोन खोल्यांतून, रमाईंच्या चुलीतून येत होता. पुरुषाच्या मोडलेल्या बेताची दुरुस्ती घरातील स्त्रीच्या कसरतीवर होते, ही गोष्ट आपल्या चरित्रग्रंथांत दोन ओळींत उरकली जाते. मी ती येथे दोन ओळींत उरकतो आहे याची मला जाणीव आहे, पण निदान ती जागच्या जागी नोंदवून ठेवतो.

जुलै १९२० मध्ये, स्वतःची शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला निघाले. चार वर्षांची ती मुदत अद्याप संपली नव्हती. १९२१ मध्ये एम. एस्सी. झाले, १९२२ मध्ये ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टर केले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात रुपयाच्या प्रश्नावरील डी. एस्सी.चा प्रबंध त्यांनी सादर केला. जर्मनीतील बॉन विद्यापीठात काही काळ अभ्यास करण्याचाही त्यांचा विचार होता. आणि येथे पुन्हा बेत फसला. ब्रिटिश चलननीतीवरील त्यातील कठोर टीका परीक्षकांना रुचली नाही. प्रबंध सुधारून लिहावा असे सांगण्यात आले. पैसे संपले होते. बॉन राहिले. १९२३ च्या एप्रिलात ते मुंबईस परतले, प्रबंध पुन्हा लिहून त्यांनी येथून पाठवला, आणि वर्ष संपण्यापूर्वी पदवी मिळाली व ग्रंथही छापला गेला. मांडणी त्यांनी बदलली. निष्कर्ष मात्र बदलले नाहीत, असे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे. माझ्या मते आपल्या मुलांना अठरा तासांच्या अभ्यासाइतकीच ही गोष्ट आग्रहाने सांगावी. "मी लिहिले तेच खरे, एक अक्षर बदलणार नाही," असा ताठा त्या वेळी त्यांना सहज दाखवता आला असता. टाळ्याही पडल्या असत्या. उलट, परीक्षकांना खूष करण्यासाठी निष्कर्ष फिरवणे हेही सोपे होते. त्यांनी बसून पुन्हा लिहिले.

कोलंबियाच्या पीएच. डी.ची कथा याहून लांबलेली आहे. तेथील प्रबंधाचे काम १९१६ मध्ये झाले. ग्रंथ १९२५ साली छापला गेला. पदवी विधिवत मिळाली १९२७ मध्ये. अकरा वर्षे! आणि बॅरिस्टर होऊन आल्यावर तरी उच्च न्यायालयात पक्षकारांची रीघ लागली होती काय? सनदेच्या फीसाठीही मित्राकडे हात पसरावा लागला. वकिली चालेना म्हणून १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या हिशेबशिक्षणाच्या संस्थेत त्यांनी व्यापारी कायद्याचे वर्ग घेतले. दोन विद्यापीठांत शिकलेल्या बॅरिस्टरास त्यात कमीपणा वाटला नाही. आपल्या वस्तीतील पदवीधर मुलाला दुकानात हिशेब लिहिण्याचे काम मिळत असता, "लोक काय म्हणतील?" म्हणून तो ते नाकारतो, तेव्हा हे वर्ग मला आठवतात.

लोकांच्या म्हणण्याचा विषय निघाला म्हणून तथागतांच्या जीवनातील एक प्रसंग सांगतो. सिद्धार्थाने गृहत्याग का केला, याचे जे कारण बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात स्वीकारले आहे ते वाचकांना ठाऊक आहेच: रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात निर्माण झालेला तंटा, आणि युद्धास सिद्धार्थाने केलेला विरोध. पुढे त्याच ग्रंथात असे येते की, दोन्ही कुळांत समेट झाल्याची वार्ता पाच परिव्राजकांनी त्याला आणून दिली. म्हणजे ज्या कारणासाठी घर सोडले ते कारणच उरले नाही! परत जाण्यास कोणाची हरकत नव्हती. सिद्धार्थाने त्यावर विचार केला, आणि भांडणाचे मूळ या दोन कुळांपुरते नाही, ते सर्वत्र आहे, असे पाहून तो पुढे चालला. नंतर सहा वर्षांचे खडतर देहदंडन. शरीराची काडी झाली, आणि हाती काही लागले नाही. तेव्हा त्याने ते तप सोडले व सुजातेने दिलेले अन्न घेतले. ते पाहून बरोबरचे पाचही जण, हा मार्गभ्रष्ट झाला, असे समजून निघून गेले. सहा वर्षे ज्या मार्गात घातली तो चुकीचा आहे असे दिसताच तो सोडण्यास केवढे धैर्य लागते, याचा अंदाज ज्याने सहा वर्षे एकाच परीक्षेत घातली आहेत त्याला येईल. ते पाच जण पुढे सारनाथला पहिले श्रोते झाले. पण भांड्यातील अन्न घेतले त्या दिवशी हे कोणाला माहीत होते?

वकिलाच्या दृष्टीने याहून बोलके उदाहरण महाडचे आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपल्या घरातील लहान मूलही सांगेल. त्याच वर्षीच्या डिसेंबरात काय घडले याची उजळणी मात्र आपण कमी करतो. तळे सर्वांस खुले करणारा स्वतःचाच १९२४ चा ठराव महाड नगरपालिकेने ऑगस्टमध्ये फिरवला. त्यावर २५ डिसेंबरपासून सत्याग्रह करण्याचे ठरले. सारी तयारी झाली. आणि १२ डिसेंबरला प्रतिपक्षाने दिवाणी दावा लावून दोनच दिवसांत तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. गावोगावचे लोक तर भाकरी बांधून निघालेले. परिषदेस जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. हजारो लोकांनी सत्याग्रहासाठी नावे नोंदवली. कलेक्टर समजावण्यास आले. अखेर न्यायालयाच्या निकालापर्यंत सत्याग्रह तहकूब करण्याचे ठरले. तळ्याभोवती शिस्तीने मिरवणूक निघाली, आणि पाण्याला हात न लावता लोक परतले. ज्या कामासाठी ते आले ते काम झाले नाही. पण त्याच परिषदेत, २५ डिसेंबरच्या रात्री, मनुस्मृतीचे दहन झाले होते, आणि आज आपण तोच दिवस पाळतो.

आणि तळ्याचा दावा? तो दहा वर्षे चालला. महाडच्या न्यायालयात १९३१ मध्ये आपल्या बाजूने निकाल लागला. प्रतिपक्ष ठाण्यास अपिलात गेला, तेथेही हरला. तो उच्च न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनी अंतिम निकाल दिला. तो निकाल मी विद्यार्थी असताना प्रथम वाचला तेव्हा थोडा हिरमुसलो होतो. मला वाटले होते, माणुसकीवर मोठे विवेचन असेल. न्यायालयाने म्हटले ते एवढेच की, तळे केवळ स्पृश्यांनीच वापरण्याची अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. ती रूढी सिद्ध झाली असती तर ती न्याय्य आहे की नाही, हा पुढचा प्रश्न उद्भवला असता. तेथवर न्यायालय गेलेच नाही. निकाल अरुंद मुद्द्यावर लागला. पण दावा जिंकला, आणि पाणी पाणीच असते. आयुष्यातही पुष्कळांना जे मिळते ते अशाच अरुंद मुद्द्यावर मिळते. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

आता आजच्या घरांकडे वळू. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस अनुसूचित जातीच्या उमेदवारास ३७ वर्षे वयापर्यंत, आणि त्या मर्यादेत कितीही वेळा बसता येते. दरवर्षी लाखो अर्ज येतात व निवड हजाराच्या आसपास होते. वयाची ही सवलत लढून मिळालेली आहे, आणि तिच्याविरुद्ध जो बोलेल त्याच्याशी मी कोठेही वाद घालण्यास तयार आहे. पण सवलत म्हणजे दार उघडे ठेवणे. उंबरठ्यावर पंधरा वर्षे बसून राहावे असा त्याचा अर्थ नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेत, दिल्लीच्या राजेंद्रनगरात खाटेएवढ्या जागेचे भाडे भरीत आपली शेकडो हुशार मुले पस्तिशीला टेकत आहेत. त्यांच्यापाशी दुसरे कोणतेही कसब नाही, अनुभवाचा दाखला नाही, आणि घरी खरे सांगण्याची सोय नाही. त्यांच्या चिकाटीत मी काय खोट काढावी? ती तर दगड फोडील. मात्र त्यांना कोणी हिशेब घालून दिला नाही. परीक्षेस बसावे, अवश्य बसावे. पण आरंभीच घरच्या सर्वांनी एकत्र बसून किती वर्षे व किती पैसा, हे ठरवावे, आणि दुसऱ्या वर्षापासून मुलाने काही ना काही मिळवते काम करावे. अभ्यासात खंड पडेल हे मला मान्य आहे. सिडनहॅममध्ये तासांची तयारी करताना बाबासाहेबांच्याही अभ्यासात खंड पडला असेल.

मुलींच्या बाबतीत मला वेगळेच सांगावयाचे आहे. मुलाचा बेत मोडला की त्याला आणखी एक संधी मिळते, आणि तिचा खर्च पुष्कळदा बहिणीच्या शिक्षणातून काढला जातो. मुलीचा बेत एकदा मोडला की तिचे लग्न होते. बुद्धवंदना म्हणणाऱ्या घरात हे चालावे, याचे मला नवल वाटते. परिस्थितीप्रमाणे वाकण्याचा गुण आपण घरातील एकाच माणसाकडून वसूल करीत असू, तर त्याला गुण म्हणू नये.

यावर कोणी विचारील, आणि विचारावेच, की वकीलसाहेब, हे सारे गरिबाला वाकायला शिकवणे झाले. ज्यांनी बेत मोडला त्यांना तुम्ही काय विचारता? आक्षेप रास्त आहे. आपले पुष्कळ बेत आपल्या उणिवेमुळे मोडलेले नसून ते मोडले गेलेले आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्यांनी दीक्षा घेतली त्यांच्याच घरांचे पाहा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदूंखेरीज अन्य धर्मीयांस अनुसूचित जातीचे मानले जात नव्हते. १९५६ मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा झाला नाही. धम्म स्वीकारला त्या दिवशी आपल्या वाडवडिलांची गरिबी गेली नव्हती, शिवाशिव गेली नव्हती. गेली ती केंद्राची सवलत. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती दिल्या. केंद्राच्या सवलतींसाठी १९९० चा दुरुस्ती कायदा होईपर्यंत चौतीस वर्षे वाट पाहावी लागली. त्या चौतीस वर्षांत अर्ज, शिष्टमंडळे, मोर्चे, सभागृहातील प्रश्न हे सारे चालूच होते. कोणी अन्याय पोटात घालून गप्प बसले नव्हते. आणि त्याच काळात बाबासाहेबांनी उभारलेल्या मुंबईच्या सिद्धार्थ व औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयांतून मुले शिकून बाहेर पडत होती, बँकांत, शाळांत, कचेऱ्यांत मिळेल त्या वाटेने शिरत होती. हक्कासाठी भांडत राहणे आणि तोवर दुसरी वाट काढणे, यांत विरोध आहे असे मला वाटत नाही. एकाच घरात एक भाऊ मोर्चाला गेला आणि दुसरा कामावर गेला, तर घर चालते व मोर्चाही चालतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझे वडील परळच्या एका गिरणीत सूतखात्यात होते. त्यांच्याही वडिलांनी तेथेच आयुष्य काढले, कारण त्या पिढीत विणकाम खात्यात आपल्याला शिरकावच नव्हता. तुटलेला धागा तोंडात धरून सांधावा लागे, आणि विटाळ आड येई. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वडिलांचा बेत साधा होता: मीही मोठा होऊन गिरणीत लागावे. संपाचे वर्ष उलटले तेव्हा ते चाळिशीत होते. एका इमारतीच्या विजेच्या कामावर बिगारी म्हणून गेले, आणि आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान मिस्त्रीच्या हाताखाली वायरिंग शिकले. संघटनेची सभा असली की मात्र काम बुडवून जात. शेजारचे गृहस्थ त्यांच्याइतकेच कष्टाळू होते. भोंगा पुन्हा वाजेल म्हणून ते सात वर्षे थांबले. त्यांना मी दोष देत नाही. गिरणीने वीस वर्षांची सवय लावली होती, आणि त्यांना दुसरे काम सांगणारे कोणी भेटले नाही. मी दिवसा एका कचेरीत काम करून सकाळच्या वर्गांना बसलो व कायद्याची पदवी घेतली. मला आधी व्हावयाचे होते इंजिनिअर.

आता थोडे धंद्यातले, कारण चांगले बेत कित्येकदा एका कागदावाचून मोडतात. ज्यांनी अलीकडे दीक्षा घेतली आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे की, १९९० नंतर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या व्यक्तीचा अनुसूचित जातीचा दर्जा जात नाही. पण मूळ जातीचा पुरावा लागतोच. आजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदी, १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या महाराष्ट्रातील वास्तव्याचे कागद हे आजच शोधून ठेवावेत. मुलगा बारावीच्या विज्ञान शाखेत असतानाच जात वैधता प्रमाणपत्रासाठी कॉलेजमार्फत अर्ज करावा. प्रवेशाची यादी लागल्यावर धावाधाव करणारा बाप मी दरवर्षी पाहतो. गुण असतात, नंबर लागलेला असतो, आणि प्रमाणपत्र समितीकडे पडलेले असते.

दुसरी गोष्ट जमिनीची. शिक्षणासाठी कर्ज काढावे लागले तर काढावे. पण सावकाराने "गहाण नको, विश्वासावर खरेदीखत करून दे, पैसे फेडलेस की परत लिहून देईन," असे म्हटले तर अंगठा किंवा सही करू नये. गेल्या वर्षी मराठवाड्यातून एक बाप माझ्याकडे आला. मुलाच्या पुण्याच्या खर्चासाठी दीड एकर अशाच विश्वासावर लिहून दिलेली. मुलाचे सहा प्रयत्न झालेले, आणि तो दोन वर्षे घरी आलेला नव्हता. सावकारी व्यवहारात गेलेली जमीन परत मागण्याची तरतूद २०१४ च्या कायद्यात आहे; त्याप्रमाणे जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावयाचा होता. कागद जमवण्यास कोणी तरी हवे म्हणून मी मुलालाच बोलावून घेतले. तो आला, पहिल्या दिवशी मान वर करीना. सातबारा, फेरफार, नोंदणीची प्रत, पैशाच्या देवघेवीच्या चिठ्ठ्या हे सारे त्याने पंधरा दिवसांत लावले, आणि कायद्याचे कलम मला त्याने तोंडपाठ म्हणून दाखवले; परीक्षेसाठी पाठ केलेले होते. सध्या तो तालुक्याच्या गावी एका वकिलाकडे लिहिण्याचे काम करतो, आणि पुढील वर्षी कायद्याच्या महाविद्यालयात प्रवेश घेणार आहे. परीक्षेचा फॉर्म त्याने यंदाही भरला. तो भरू नकोस असे मी त्याला सांगितलेले नाही. जमिनीच्या अर्जावर दोन सुनावण्या झाल्या असून सावकाराने वकील बदलून मुदत मागितली आहे. पुढील तारीख महिनाअखेरीस आहे, आणि बाप-लेक दोघेही येणार आहेत.